तिसऱ्या फेरीचा चिंचोका

विश्रांतवाडीच्या विहारामागे एक पत्र्याची खोली आहे. रविवारी सकाळची वंदना आटोपली की तिथे सात-आठ माणसं सतरंजीवर बसतात आणि टीव्हीचा आवाज बंद करून बॉक्सिंगच्या जुन्या लढती बघतात. ज्या लढतींचा निकाल लागून चाळीस-पन्नास वर्षं झाली, त्यांचा निकाल ही माणसं पुन्हा लावतात. कुणाला हसू येईल. येऊ दे. ज्यांच्या बाजूने कधी निकाल लागलेला नसतो, त्यांना निकाल तपासून बघायची खोड लागतेच.

पद्धत ठरलेली. प्रत्येकापुढे प्लास्टिकच्या दोन वाट्या, एक लाल आणि एक निळी, आणि मूठभर चिंचोके. जो आधी रिंगणात येईल तो लाल, दुसरा निळा. फेरी संपली की ती ज्याने जिंकली त्याच्या वाटीत एक चिंचोका. समोरच्याला पाडलं असेल तर आणखी एक. वाट्यांवर रुमाल टाकायचा आणि शेजाऱ्याच्या रुमालाखाली डोकावायचं नाही. शेवटची घंटा झाली की तात्याराव म्हणतात, “उघडा,” आणि सगळे रुमाल एकदम उचलले जातात. मग भांडण. लास वेगासच्या सत्त्याऐंशीच्या लढतीवर तर दरवर्षी भांडण होतं. अर्धे टकल्याच्या बाजूचे, अर्धे नाच्याच्या. खरी नावं सगळ्यांना पाठ आहेत, पण खोलीत ती कुणी घेत नाही.

ही पद्धत तात्यारावांनीच घालून दिली. आवाज बंद ठेवायचा नियमही त्यांचाच. “बोलणारा माणूस तुमचे डोळे पळवतो,” ते म्हणायचे. “जे दिसतं त्यालाच गुण द्या.” खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस आता ऐंशीला टेकला होता. वस्तीतल्या दोन पिढ्यांना त्याने भुशाच्या पोत्यावर ठोसे मारायला शिकवलं.

त्या पोरांतला सगळ्यात तिखट म्हणजे समाधान. आता पंचावन्नच्या पुढचा, ग्रिल-दरवाजे वेल्डिंग करणारा, डोक्याने गरम. वॉर्ड ऑफिसात तो दिसला की कारकून चहाला उठतात. पाण्याचा मोर्चा असो की रेशनचा, पुढे समाधान असणारच. आणि समाधानला हे सगळं शिकवलं कुणी? तात्यारावांनी. ग्लोव्ह्ज बांधायला त्यांनी शिकवलं, अर्ज लिहायलाही, आणि साहेबाने बसा म्हणायच्या आधी खुर्ची ओढून बसायलासुद्धा.

समाधानच्या आयुष्यात एक लढत अडकून बसली होती. अठ्ठ्याऐंशी सालची, शहराच्या संघनिवडीची अंतिम फेरी. पाच पंच होते. एक पंच आलाच नाही म्हणून आयत्या वेळी तात्यारावांना त्या खुर्चीत बसवलं होतं. निकाल लागला तीन विरुद्ध दोन, समाधान हरला. समोरचा पेठेतल्या व्यायामशाळेचा पोरगा राज्याच्या संघात गेला, खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागला, आता पेन्शन खातोय. समाधान ग्रिल जोडत राहिला.

कुणी कुणाला गुण दिले ते तेव्हा जाहीर करत नसत. पण समाधानने आपल्या मनाशी यादी लावून टाकली होती. आपल्याला दोघांनी दिलं. एक तात्या, यात शंकाच नको. दुसरा तो लष्करातला म्हातारा असणार. उरलेले तिघे चोर. त्या तिघांतही पहिला चोर सुदर्शन, कसबा पेठेतला तांब्या-पितळेच्या भांड्यांचा दुकानदार. निकालाच्या दुसऱ्या दिवशी समाधान पोरं घेऊन त्याच्या दुकानासमोर गेला आणि भर बाजारात त्याला नाही नाही ते बोलला. वस्तीतल्या कुठल्याच लग्नात त्या दुकानातलं भांडं येऊ दिलं नाही. तेव्हा तात्याराव त्याच्या सोबत होते. “जाऊ दे समा, तोंड खराब करू नकोस,” एवढंच म्हणाले होते.

यंदा तात्यारावांचा सत्कार ठरला. सगळी धावपळ समाधानची. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर तात्यारावांच्या फोटोखाली ठळक अक्षरात ‘निःपक्ष पंच’. शब्द समाधानचाच. सत्काराच्या बदल्यात त्याला एकच गोष्ट हवी होती. तात्यांनी माईकवरून सगळ्यांसमोर म्हणावं की समाधान जिंकला होता. बाकी काही नको.

सत्काराच्या आधीच्या रविवारी समाधानची मुलगी मैत्री फोन घेऊन खोलीत आली. हिंजवडीत कामाला जाणारी पोरगी, एरवी तिला या चिंचोक्यांत रस नसायचा.

“आज मनिलाची लढत नाही, झाईरचीही नाही,” ती म्हणाली. “आज पुणे. पप्पा, तुमची फायनल सापडली. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून यूट्यूबवर टाकलीये.”

टीव्हीवर हललेलं, रंग ओघळलेलं चित्र आलं. लाल बनियनमधला एक काटकुळा पोरगा दोऱ्यांखालून आत शिरला.

“हा काडीपैलवान कोण गं?” मालनबाईंनी विचारलं. मालनबाई भाजी विकतात आणि त्यांचे गुण कधी चुकत नाहीत, असं त्या स्वतःच सांगतात.

“मी,” समाधान म्हणाला.

“मग मधल्या काळात गिळलंस कुणाला?”

खोली हसली. तात्याराव हसले नाहीत.

“हे नका लावू,” ते म्हणाले. “घरच्या लढतीला गुण द्यायचे नसतात.”

“तुम्ही दिलेत की तात्या. खुर्चीत बसून दिलेत.”

यावर तात्यारावांनी आपल्या वाट्या जवळ ओढल्या आणि रुमाल टाकला.

पहिली फेरी पेठेच्या पोराची. हात लांब, समाधानला जवळ येऊ देईना. समाधानने स्वतःच निळ्या वाटीत चिंचोका टाकला. तेवढा प्रामाणिक तो होता. दुसऱ्या फेरीत लाल बनियनवाला खाली वाकून आत घुसला आणि फासळ्यांवर काम करू लागला. ही लाल. तिसऱ्या आणि शेवटच्या फेरीत पेठेचा पोरगा दमला, दोरीला टेकला, हात खाली आले. लाल बनियनचा उजवा हात एकदा बसला, दुसऱ्यांदा बसला. पस्तीस वर्षांहून जास्त काळ समाधानने ही फेरी डोक्यात पाहिली होती आणि दरवेळी त्याला भीती वाटायची, आपण मनाने तर वाढवत नाही ना. नव्हता वाढवत. उलट डोक्यातल्यापेक्षा ती चांगली होती.

घंटा झाली तेव्हा समाधानने नियम मोडला. त्याने शेजारी पाहिलं. तात्यारावांचा हात क्षणभरही न अडखळता लाल वाटीकडे गेला.

“उघडा” म्हणायचं तात्यारावांच्या लक्षातच राहिलं नाही. शेवटी मालनबाई म्हणाल्या. रुमाल उचलले. सगळ्यांच्या लाल वाटीत दोन, निळीत एक. तात्यारावांच्याही.

समाधानचे डोळे भरून आले. “बघा,” तो म्हणाला. “तेव्हाही असाच दिला होता ना तात्या? पुढच्या रविवारी माईकवर एवढंच सांगा. दुसरं भाषण नको.”

तात्यारावांनी लाल वाटीतले दोन्ही चिंचोके उचलले आणि मुठीत धरले.

“आज दिला,” ते म्हणाले.

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. मैत्रीला आधी कळलं. तिने टीव्ही बंद केला. मालनबाई उठल्या, “चला रे, चहा बाहेर घेऊ,” म्हणत बाकीच्यांना घेऊन गेल्या. खोलीत दोघं उरले, आणि दारात मैत्री.

“तेव्हा कुणाला दिलात?” समाधानने विचारलं.

“निळ्याला.”

“का?”

तात्याराव सतरंजीकडे बघत बोलले. “मला खुर्चीत बसवायला लागले तेव्हा पेठेवाल्यांनी हरकत घेतली. म्हणाले, हा त्यांचाच माणूस, पोराला झुकतं माप देणार. तेव्हा मुख्य पंच सगळ्यांदेखत म्हणाले, आमचा तात्यारावांवर विश्वास आहे. समा, त्या लोकांत मला असं कुणी आधी म्हटलं नव्हतं. तिसरी फेरी तुझी होती, मला दिसत होतं. पण तुला दिली असती तर ते म्हणाले असते, बघा, आम्ही सांगत नव्हतो? मग आपल्यातल्या कुणाला पुन्हा त्या खुर्चीत बसवलं असतं का?”

“पुन्हा कोण बसलं?”

तात्यारावांनी मुठीतले चिंचोके सतरंजीवर ठेवले.

“मीच सांगतो. तुम्ही बसलात. पुढच्या वर्षी राज्याच्या पंचांत नाव आलं तुमचं. कोट शिवलात. मी तुमच्या कोटाचं माप द्यायला बरोबर आलो होतो, तात्या.”

“मला वाटलं, तू तरुण आहेस. तुला पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल.”

“नाही मिळालं.”

“नाही मिळालं,” तात्याराव म्हणाले.

समाधान उठला. एरवी त्याने टीव्ही फोडला असता. हात उचलायची त्याची सवय सगळ्या वस्तीला माहीत. पण या माणसावर हात कसा उचलायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दारातून तो एवढंच बोलला, “रविवारी तुम्ही स्वतः सांगा. मी नाही सांगणार.”

तात्यांनी दिली नव्हती, तर मग कुणी दिली, हे विचारायला दुसऱ्या दिवशी तो कसबा पेठेत गेला. सुदर्शन गल्ल्यावर बसून समई पुसत होता. म्हातारा झाला होता, पण ओळख विसरला नव्हता.

“या,” तो म्हणाला. “आज पोरं नाही आणली?”

समाधान पायरीवरच थांबला. “अठ्ठ्याऐंशीला तुम्ही मला दिली होती का?”

“दिली होती. दुसरी आणि तिसरी तुमची होती.”

“मग मी इथे येऊन तमाशा केला तेव्हा बोलला का नाहीत?”

“पंचाने आपलं मत बाहेर सांगायचं नसतं. आणि तुम्ही विचारलं कुठे होतंत? तुम्ही फक्त ओरडलात.” त्याने समई खाली ठेवली. “शेजारी तात्याराव उभे होते. मला वाटलं, ते तुम्हाला घरी जाऊन समजावतील.”

समाधान रस्त्यावर आला. गाडी कुठे लावली तेच त्याला आठवेना. शत्रूने आपल्याला दिलं होतं आणि आपल्या माणसाने काढून घेतलं होतं. एवढी वर्षं तो ज्या दुकानावर थुंकत आला, ते चुकीचं दुकान होतं. आणि ज्याला हे माहीत होतं तो शेजारी उभा राहून म्हणत होता, तोंड खराब करू नकोस.

सत्कार झाला. फ्लेक्स लागला होता, समाजमंदिर घेतलं होतं, माजी नगरसेवक येणार होते; आता थांबवायचं कुणी. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला. तात्याराव बोलायला उभे राहिले. भुशाच्या पोत्याबद्दल बोलले, कारखान्यातल्या पाळ्यांबद्दल बोलले, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते सांगितलं. समाधान पहिल्या रांगेत बसून वाट बघत होता. तात्यारावांची नजर एकदा त्याच्यावर आली, तिथे थांबली, आणि तिथून मैत्रीकडे, मग मालनबाईंकडे सरकली. “सगळ्यांना जय भीम,” म्हणून ते बसले.

आभार मानायचं काम समाधानकडे होतं. तो माईकपाशी गेला. मी सांगणार नाही म्हटलं होतं, पण आता त्याच्याकडून राहवलं नाही.

“अठ्ठ्याऐंशी साली माझी फायनल होती,” तो म्हणाला. “तात्याराव पंच होते. मी यांच्या हाताखाली वाढलेला पोरगा. आणि यांनी माझ्या विरोधात निकाल दिला.”

पुढचं वाक्य होतं की मी जिंकलो होतो, आणि यांना ते दिसत होतं. पण त्याआधी तो तात्यारावांकडे वळला, थांबला. आणि त्या थांबण्यात टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग सगळीकडून. लोक उभे राहिले. माजी नगरसेवकांनी माईक आपल्याकडे ओढला. “याला म्हणतात पंच,” ते म्हणाले. “पोटच्या पोरासारख्या पोरालाही सोडलं नाही. असा निःपक्षपातीपणा आज कुठे बघायला मिळतो?”

समाधान तात्यारावांकडे बघत राहिला. त्यांनी हात वर केला असता तर टाळ्या थांबल्या असत्या. तात्यारावांनी हात वर केलेही. दोन्ही केले, आणि जोडले. मान खाली घालून सगळ्या सभेला नमस्कार केला.

टाळ्या वाजवत नव्हत्या त्या फक्त मालनबाई आणि मैत्री.

पुढच्या रविवारी खोली नेहमीसारखी भरली. तात्याराव काठी टेकत आले. ते येतील की नाही याची कुजबुज चालली होती, ती बंद पडली. समाधान आधीच आलेला. त्यानेच सतरंजी घातली, वाट्या मांडल्या, तात्यारावांच्या पुढ्यातसुद्धा. लढत लास वेगासची होती, टकल्या आणि नाच्या, म्हणजे भांडण नक्की.

फक्त समाधान रोजच्या जागी बसला नाही. टीव्हीला पाठ करून तो तात्यारावांच्या समोर बसला.

“समाधान, टीव्ही तिकडे आहे,” मालनबाई म्हणाल्या.

“माहितीये.”

पहिली घंटा झाली असावी, कारण तात्यारावांचे डोळे पडद्यावर खिळले. फेरी संपली. तात्यारावांनी चिंचोका उचलला आणि त्यांचा हात दोन वाट्यांच्या मध्ये थांबला. समाधान त्या हाताकडे बघत होता. हात बराच वेळ तिथेच राहिला, मग निळ्या वाटीकडे गेला. पुढच्या फेरीलाही तसंच झालं. त्याच्या पुढच्या फेरीला तात्यारावांनी चिंचोका उचललाच नाही.

बाराव्या फेरीनंतर “उघडा” कोण म्हणणार यासाठी सगळे थांबले. तात्याराव म्हणाले नाहीत. शेवटी एकेकाने आपापला रुमाल काढला आणि टकल्या-नाच्याचं भांडण सुरू झालं. त्यात समाधान पडला नाही. त्याच्या दोन्ही वाट्या रिकाम्या होत्या. त्याने लढत पाहिलीच नव्हती.