मावशीच्या लॅपटॉपमध्ये सापडलेली सुमन

मंडळी, आज उमरेडला मावशीकडे होतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही निवृत्त शिक्षिका सत्तरच्या दशकातले वर्गाचे फोटो स्कॅन करून, फोटो सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मुलीच्या चेहऱ्याला नाव देऊन राहिली आहे.

दुपारी नागपूरहून एक अनोळखी बाई आली. "माही माय सुमन तुमच्या वर्गात होती. मी लहान असतानाच गेली. तिचा एकही फोटो नाही आमच्याजवळ."

मावशीनं नाव टाइप केलं. तीन फोटो उघडले.

"हे पाय, तुही माय. कविता म्हणायले हीच पहिले उभी राहे."

"इचं नाक माह्यासारखंच आहे!" ती बाई हसता हसता रडली.

मी थक्क. इतकी नावं लक्षात कशी, मावशी?

"रोज हजेरी घेत होती ना गा मी."

तुमच्या घरच्या जुन्या ग्रुप फोटोतली नावं कोणाला माहीत आहेत?