चर्चवरचं अष्टकोनी धुराडं

मुलांनो, तिकडे विलायतेत तुमच्या गावच्या कॅथेड्रलमध्ये मी त्या एकाच कोपऱ्यात का रेंगाळत होते, असं तुम्ही विचारलं होतंत. तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता त्याच गोष्टीवरून इथे नगरमध्ये वाद झाला, म्हणून लिहिते.

मी ज्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तिच्या शेजारी एक लहान दगडी चर्च आहे. त्याच्या मागच्या खोलीत, भिंतीत, विस्तव पेटवायचा मोठा कोनाडा आणि वर छपरावर आठ कोनांचं धुराडं. नगरमध्ये! पावसाळ्यात आम्ही शिक्षिका त्या कोनाड्यात ओल्या छत्र्या ठेवायचो आणि हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, म्हणून हसायचो.

तुमच्याकडे त्या कोपऱ्यात मला अगदी तसाच कोनाडा दिसला. तिथल्या म्हाताऱ्या गाईडने सांगितलं, की व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका आर्किटेक्टने उभं आयुष्य त्या कॅथेड्रलच्या दुरुस्तीत घालवलं. सुताराचा मुलगा. उमेदवारीच्या दिवसांत गारठलेल्या दगडांवर बसून नक्षीची मापं उतरवायचा. त्यात बोटं कायमची अधू झाली. पुढे नाव झाल्यावर कुणी मागो न मागो, प्रत्येक नकाशात त्याने ऊब घ्यायला एक कोनाडा काढलाच. हिंदुस्थानातल्या छावण्यांसाठीही त्याने चर्चचे नकाशे पाठवले. स्वतः कधी आला नाही. त्यांतलंच एक हे आपलं चर्च असेल का?

यंदा वळवाच्या पावसात त्या मागच्या खोलीत धुराड्यापाशी गळती लागली. चर्चचे पाळक माझे जुने विद्यार्थी. म्हणाले, "बाई, धुराडं पाडतोय. नगरात विस्तव कशाला? कानटोपी पुरते."

मी त्यांना अधू बोटांची गोष्ट सांगितली. छपरावरून मिस्त्री ओरडले, "म्हंजे थंडी सायबाला, अन् गळती आमाला व्हय?"

पाळकांनाही हसू आलं. त्यांनी मिस्त्रींना विचारलं, "न पाडता गळती थांबेल?"

"बघू की. तोंडावर फरशी टाकतो, बूड भरून घेतो. पन पुन्ना गळलं तर हातोडाच आननार, बाई. मग गोष्ट सांगू नका."

सारा पावसाळा मी जाऊन त्या कोनाड्यात हात फिरवून पाहत होते. कोरडा लागला की घरी.

आपला आर्किटेक्ट तोच, याचा पुरावा अजून मिळालेला नाही. विचारपूस चालू आहे. धुराडं मात्र उभं आहे. त्याच्या तोंडावर शहाबादी फरशी आहे आणि खालच्या कोनाड्यात छत्र्या ठेवतात.