काजूचा चीक आणि माझी दहा बोटं

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे काही गोष्टी आईपेक्षा मला जास्त कळतात, असं मला वाटायचं. हे लिहितानाही थोडी लाज वाटते.

मार्चमध्ये एमएस्सीची प्रवेशपरीक्षा होती, आणि तिच्या पाच दिवस आधी घरात पूजा. पूजेच्या जेवणात ओल्या काजूची उसळ हवीच. हिरव्या काजूबिया विळीवर कापून आतला गर काढायचा, हे काम आमच्याकडे सगळ्या बायका मिळून करतात. सालीतला चीक कातडी भाजतो, म्हणून आधी हातांना खोबरेल तेल चोपडून वर राख लावतात. मी मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत वापरतो तसले पातळ हातमोजे विकत आणले होते. ते चढवून ऐटीत बसले.

"गो, तेल लाव हातांक," आई म्हणाली. "ह्या फुग्यांनी काय होवचा नाय."

मी तिला रसायनशास्त्र समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढची बी कापली.

विळीने मोजे कुठे फाटले ते कळलंच नाही. चीक आत शिरला, घामात मिसळला, आणि दोन तास माझी बोटं त्यातच शिजत राहिली. उघड्या हातांनी सोलणाऱ्या बायकांना काही झालं नाही. मला दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांवर आणि सहा बोटांवर टपोरे फोड आले. काकी तर शेजारणींना बोलावून दाखवायची.

मी सुई शोधत होते, तेवढ्यात आईने हात धरला. "फोडूचो नाय. आसा तेवढी कातडी रवांदे." मोबाइलवर शोधलं, तर तिथेही तेच: फोड फोडू नका, वरची कातडी राहू द्या. मग रोज साबणाने हलके हात धुवायचे, खोबरेल लावायचं, आपोआप फुटलेल्या फोडावर धुतलेल्या सुती कापडाची सैल पट्टी बांधायची. भात आई भरवायची. वहीची पानं मी कोपराने उलटायचे आणि एकटीच हसत सुटायचे. चौथ्या दिवशी आग थांबली, पण कातडी सापाच्या कातीसारखी निघायला लागली.

परीक्षाकेंद्र कुडाळला. दारात बोटाचा ठसा आधारमधल्या ठशाशी जुळला तरच आत प्रवेश, आणि दार बंद व्हायला दहा मिनिटं. टेबलामागची मुलगी ऑफिसातल्या शुद्ध मराठीत म्हणाली, अंगठा ठेवा. लाल दिवा. पुसून ठेवा. लाल. दुसरा अंगठा, लाल. बोटामागून बोट, लालच. हा पेपर हुकला तर वर्ष गेलं, हे मला पक्कं माहीत होतं. आणि भीती वाटली की मला हसू येतं. मी हसायला लागले, तशी मागची रांगही हसायला लागली. कोणी सांगे, बोट केसांना घास. कोणी म्हणे, फुंकर मार. मी दोन्ही केलं.

शेवटी त्या मुलीने माझा हात उलटा करून पाहिला. तिची शुद्ध मराठी तिथेच संपली.

"काजी सोललंस मा?"

"हो. पण हातमोजे घालून."

तिने डोकं टेबलावर टेकवलं. तिचे खांदे हलत होते. मग डोळे पुसत म्हणाली, "करंगळी दी. करंगळी कोण काजीत घालीत नाय."

डाव्या हाताची करंगळी ठेवली. हिरवा.

मागची रांग टाळ्या वाजवायला लागली. मी सुसाट पळाले ते थेट मुलांच्या स्वच्छतागृहाकडे. सगळी रांग ओरडून मला उजवीकडे वळायला सांगत होती. खुर्चीत बसले तेव्हा दार लागत होतं. समोरच्या पडद्यावर माझा फोटो आला, खाली माझं पूर्ण नाव. पर्यवेक्षिका दोनदा माझ्याजवळ येऊन थांबल्या, तरी मला हसू आवरेना. मग मी घड्याळाकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न वाचायला घेतला.