एका यंत्रावर दोन पाळ्या

बाबांचं घोरणं आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होतं. नामांतराच्या मोर्चात त्यांना अटक झाली, तेव्हा कोठडीत तस्साच घोरणारा आणखी एक जण भेटला. बाकीच्या सत्याग्रहींनी पोलिसांच्या विनवण्या करून दोघांना वेगळ्या खोलीत हलवलं. "आमच्या घोरण्यानं सरकार हादरलं," असं बाबा छाती फुगवून सांगत. पुढं दोघं वाळूजच्या एकाच कारखान्यात लागले, बजाजनगरात एका खोलीत राहिले आणि तो माणूस आमचा काका झाला.

निवृत्तीनंतर बाबांची छाती धडधडू लागली. ठोके कधी पळायचे, कधी अडखळायचे. डॉक्टरीणबाईंनी झोपेचीही तपासणी केली, तर निघाला स्लीप ॲप्निया. झोपेत श्वास सारखा अडकतो, हृदयावर ताण येतो, आणि हे तसंच सोडलं तर औषधानं ताळ्यावर आलेले ठोकेही पुन्हा बिघडू शकतात, असं त्यांनी समजावलं. रोज रात्री मास्क लावून हवेचं यंत्र चालवायचं ठरलं.

"बैलावानी मुसकं बांधू व्हय?" बाबा कुरकुरले. पण यंत्र घरी आलं आणि मी निश्चिंत मनानं सासरी, पैठणला गेले.

ठोके काही सुधारेनात. पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाई चक्रावल्या. यंत्रातल्या नोंदीप्रमाणे ते रोज रात्रभर चालत होतं. आता कदाचित दवाखान्यात ठेवून विजेचा झटका द्यावा लागेल, म्हणाल्या. मी बाबांकडं बघितलं. बाबा छताचा पंखा न्याहाळत बसले.

त्या रात्री मी माहेरीच राहिले. सकाळी दार उघडते तो काका मोपेडवरून उतरताहेत, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून यंत्राची नळी लोंबतेय.

"मास्क गरम पाण्यानं धुतलाय बरं का," काका म्हणाले.

मी आईकडं बघितलं. ती शांतपणे चहा गाळत होती. "एक दिस यांची पाळी, एक दिस त्यांची. त्यात काय एवढं?"

मी कपाळावर हात मारला. मग आरडाओरडा केला.

"अगं, बजाजनगरात एका खाटंवर आम्ही दोघं अन् आणखी एक गडी, असे तिघं झोपायचो," बाबा मलाच समजावू लागले. "पहिल्या पाळीवाला उठला की तिसरीवाला पडायचा. खाट कधी थंड झाली नाय. अन् एवढी भारी मशीन एकट्यानंच वापरायची?"

दोघांनाही पुढं घालून मी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग चिडल्या. हा इलाज वाटून घ्यायचा नसतो, म्हणाल्या.

"मग बाई, रोजचं यालाच द्या," बाबा म्हणाले. "माझं चालंल कसंबी. याचा श्वास लई वेळ अडकतो. कोठडीत रातभर कोपर मारू मारू जागा ठिवलाय मी याला."

"अन् तुला कोण मारत होतं रं?" काका उखडले.

मला हसू आवरेना, आणि मग रडूही आवरेना. कसले मूर्ख, आणि किती प्रेमाचे!

काकांची तपासणी झाली. बाबांचं खरं निघालं, काकांचा आजार जास्त होता. आता दोन घरांत दोन यंत्रं आहेत आणि बाबांचे ठोके सध्या तरी शहाण्यासारखे वागताहेत. दुपारी मात्र काका येतात आणि दोघं आमच्या ओट्यावर, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या पेंगतात. एकाचं घोरणं मध्येच थांबलं, की झोपेतच दुसऱ्याचं कोपर हलतं.