उत्तरेतलं छप्पर आणि खराडीची माणसं

एका ऑफिसात सतरा वर्षं काढली की माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, पाठदुखी आणि किस्से. पाठदुखी कुणाला सांगण्यात अर्थ नसतो, कारण समोरच्यालाही ती असतेच. म्हणून किस्से सांगायचे. खराडीत आमच्या आयटी पार्कखाली चहाची टपरी आहे. तिथे चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "वैशाली मॅडम, तो कॅम्पचा सांगा ना!" मी हल्ली कायम दमलेली असते, पण सांगते. नाही सांगितलं तर वर जाऊन काम करावं लागतं.

कॅम्प म्हणजे गायकवाड काकांचा. काका विश्रांतवाडीचे, पाटबंधारे खात्यातून ज्युनिअर इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. देशाच्या पार उत्तरेला, बर्फाच्या डोंगरांमधल्या एका खोऱ्यात, एका गावानं त्यांना तंबू ठोकायला मैदान दिलं होतं. मैदानाच्या कडेला एक दगडी हॉल. दर मे महिन्यात काका विश्रांतवाडीच्या वस्त्यांमधली वीस मुलं घेऊन तिथे जायचे. मग एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्यानं हॉलचं छप्पर कोसळलं. गावानं काकांना स्पष्ट सांगितलं: या उन्हाळ्यात छप्पर घाला आणि एक हिवाळा ते टिकवून दाखवा, नाहीतर मैदानात आम्ही मटार लावणार.

मैदान गेलं तर काकांनी मे महिन्यात करायचं काय, हा विचारसुद्धा आमच्यापैकी कुणाला करवत नव्हता.

*

काका आमच्या कंपनीत स्वयंसेवक मागायला आले तो दिवस. एचआरच्या मॅडमनी लॅपटॉप उघडला, पेन हातात घेतलं आणि विचारलं, "सर, सस्टेनेबिलिटीचं काय? पाच वर्षांनंतर हा प्रोजेक्ट कोण बघणार?"

काकांनी शांतपणे चष्मा पुसला.

"पाच वर्षांनी मी शहात्तरचा होईन. आपण तेव्हा कुठे असाल, मॅडम?"

मॅडम नोटीस पीरियडवर होत्या! आमच्या बारा जणांची नावं त्याच दिवशी मंजूर झाली.

*

मग छपराचं प्लॅनिंग. आमच्यात निखिल म्हणून एक मुलगा होता, अमरावतीचा, हुशार आणि उत्साही. आमच्यासारख्यांना त्याच्याकडे बघूनच थकवा यायचा. त्यानं काकांच्या जुन्या फोटोंवरून हॉलचं थ्री-डी मॉडेल बनवलं. दोन्ही बाजूंना छान उतार, वर निळे पत्रे. महिनाभर आम्ही रोज साडेसहाला त्यावर मीटिंग घेतली. उताराचा कोन किती असावा यावर तर मतदान झालं. पत्रे पुण्यात मापाने कापून घेतले, ट्रकनं रवाना केले आणि मागोमाग आम्ही पोचलो.

हॉलच्या शेजारी आंगमो अम्मांचं घर. साठी उलटलेली, ताठ कण्याची बाई. त्यांनी निखिलच्या लॅपटॉपवरचं मॉडेल नीट निरखून पाहिलं. मग विचारलं, "और घास कहाँ सुखाओगे?"

आम्ही गावाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. एकूण एक घराचं छप्पर सपाट! वर गुरांचा चारा वाळत टाकलेला, कडेनं सरपण रचलेलं. तिथे पाऊस नावालाच. छप्पर म्हणजे त्यांचं अंगण.

"पण मग बर्फाचं काय?" निखिलनं विचारलं.

"गिरता है, तो हटाते हैं। फावड़े से।"

तेव्हा कळलं, जुनं छप्पर का कोसळलं. तेही सपाटच होतं, म्हणूनच तर काकांसकट आम्ही सगळ्यांनी या वेळी उतार ठरवला होता; पण खरी गोष्ट अशी की हिवाळ्यात त्याच्यावरचा बर्फ काढायला कोणीच नव्हतं. काका नुसते वर बघत राहिले.

बारा इंजिनिअर, महिनाभर मीटिंगा, आणि गावात एक फोन करून विचारायचं कुणालाही सुचलं नव्हतं. निळे पत्रे संडासाच्या भिंतींना लागले. अजून आहेत. कोन अगदी अचूक!

*

मग खरं काम सुरू झालं. पॉप्लरच्या झाडांचे वासे, त्यावर काटक्या, त्यावर गवत, वरून चिखल थापायचा. गावातले लोक शिकवायचे, आम्ही घमेली वाहायचो. दहा पावलं टाकली की धाप लागायची. मला तर वाटायचं, मी या वयात हे का करतेय? घरी ए.सी. आहे, सोफा आहे, सुट्टी शिल्लक होती ती झोपून घालवता आली असती.

एका दुपारी मी अशीच घमेलं खाली ठेवून बसले होते. आंगमो अम्मा चहा घेऊन आल्या. मिठाचा, लोण्याचा. सवय व्हायला आठवडा लागतो आणि सुटायला महिना. त्यांनी विचारलं, तू पुण्यात काय काम करतेस?

मी सॉफ्टवेअर टेस्टर. ते हिंदीत समजावणं कठीण. म्हटलं, "दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून काढते."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि त्याचे पैसे देतात?"

"देतात."

अम्मांनी मागे वळून सुनेला हाक मारली. आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. सून हसता हसता भिंतीला टेकली. मग तिनंच मला सांगितलं, "अम्मा म्हणतात, हे काम मी बावीस वर्षं फुकट करतेय!"

*

निखिलला सुट्टी पूर्ण मिळाली नव्हती. रोज एक क्लायंट कॉल घ्यावाच लागायचा. साधा फोन गावात कधीमधी लागायचा, पण इंटरनेट फक्त ओढ्यापलीकडच्या एका मोठ्या खडकावर मिळायचं. निखिल लॅपटॉप छातीशी धरून खडकावर चढायचा. त्याच वेळेला गावची मेंढरं ओढ्यावर पाण्याला यायची.

एकदा कॉल रंगात आलेला. निखिल म्यूट करायला विसरला. शंभरेक मेंढरं एकदम ओरडायला लागली. पलीकडून क्लायंट म्हणाला, "निखिल, हे कोण बोलतंय?"

निखिलनं क्षणभर मागे पाहिलं.

"आमची टीम आहे सर. डेडलाइनवर चर्चा चाललीय."

क्लायंटनं डेडलाइन एक आठवडा पुढे ढकलली. तेवढ्याचा आनंद आम्ही अजून विसरलेलो नाही.

*

छप्पर झालं आणि उद्घाटन ठरलं. कंपनीनं टी-शर्ट पाठवले. हाफ बाह्यांचे! सकाळी नळाचं पाणी गोठत होतं. आम्ही ते स्वेटरवरून घातले आणि सगळेच गरोदर दिसायला लागलो.

आमचे मोठे साहेब खास विमानानं आणि मग गाडीनं आले. एका दिवसात एवढ्या उंचीवर आल्यामुळे त्यांचं डोकं असं धरलं की ते तंबूतून उठेचनात. फोटोशिवाय परत जाणं तर शक्य नव्हतं. शेवटी दोघांनी फीत धरून तंबूत नेली. साहेबांनी स्लीपिंग बॅगेतून एक हात बाहेर काढून ती कापली. "थँक यू टीम," म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. कंपनीच्या रिपोर्टमध्ये हा फोटो आला नाही.

हॉलमध्ये गावचे लामा आले होते. त्यांनी त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली. मग काकांकडे पाहिलं. काकांनी हात जोडले आणि घरी म्हणतात तसं त्रिशरण म्हणायला लागले. आवाज बारीक, थोडा कापरा. "बुद्धं सरणं गच्छामि..." दुसऱ्या ओळीला लामांनी मान वर केली. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज काकांच्या आवाजात मिसळला.

मी काही फार भाविक बाई नाही. पण त्या नव्या, ओल्या मातीच्या वासात मला रडू आलं. आणि मुख्य म्हणजे, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच पाठ दुखत नव्हती.

*

आता शेवटचा. हा सांगितला की मी चहाचा कप ठेवते आणि वर जाते.

उद्घाटनाच्या जेवणानंतर गावचे प्रमुख नोरबूजी एक वही घेऊन उभे राहिले. त्या गावात असा नियम आहे की आपल्या घरावरचा बर्फ आपण काढायचा, पण गोम्पा म्हणजे त्यांचा मठ आणि शाळा यांच्यासारख्या सगळ्यांच्या छपरांना घरं नंबर लावून घेतात. पहिला बर्फ एका घराचा, दुसरा दुसऱ्याचा. नोरबूजींनी जाहीर केलं की आता कॅम्पचा हॉलही या यादीत. आणि घरांची नावं वाचली. तिसऱ्या नंबरला वाचलं, "पुणे."

आम्ही टाळ्या वाजवल्या! निखिलनं शिट्टी मारली. केवढा मान, म्हणून आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या.

जानेवारीत, ऐन सॉफ्टवेअर रिलीजच्या आठवड्यात, माझा फोन वाजला. नोरबूजी. "मॅडमजी, तीसरी बर्फ गिर गई। पुणे का नंबर है।"

मी हसले. ते हसले नाहीत.

मी ग्रुपवर टाकलं. मग जे व्हायचं तेच झालं. कुणी लिहिलं, तिथल्याच कुणाला तरी सांगू या. कुणी लिहिलं, पुढच्या वर्षी डबल करू. निखिलनं पोल टाकला, कोण कोण जाऊ शकतं? बारापैकी बारा जणांनी 'नाही'वर बोट ठेवलं. त्यातलं एक बोट माझं होतं. मला लाज वाटली, पण मी खरंच दमले होते. आणि डोळ्यांसमोर ते मैदान दिसत होतं, मटार लावलेलं.

काकांनी पोलला उत्तरच दिलं नव्हतं. मी त्यांना फोन केला, तर मागे स्टेशनची अनाउन्समेंट. "मी चंदीगडला उतरलोय," काका म्हणाले. "डोंगराखालून बोगदा झाल्यापासून हिवाळ्यातही रस्ता अधूनमधून चालू असतो म्हणे. बघतो."

"काका, तुमचे गुडघे! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांचा नंबर नाहीये, वैशाली. आपला आहे." आणि फोन कट.

पुढे पाच दिवस पत्ता नाही. मी रोज नोरबूजींना फोन लावत होते, तोही लागत नव्हता. सहाव्या दिवशी स्टँड-अप मीटिंग चालू असताना काकांचा फोन आला. मी तशीच उठून पॅसेजमध्ये गेले.

"काका! पोचलात?"

"काल पोचलो."

"छप्पर?"

"ठणठणीत. गावानं त्याच दिवशी बर्फ काढला होता. मी पोचलो तर नोरबूजींनी वही उघडून पुण्यापुढे खूण केली. म्हणाले, आलात ना, झालं. मैदान तुमचं."

मी भिंतीला टेकले. "मग आता निघा परत, काका. लगेच."

"नाही गं, चौथा पडेपर्यंत थांबतोय."

"चौथा कशाला? चौथा आंगमो अम्मांच्या घराचा ना?"

"हो ना. तिचा मुलगा आणि सून खाली शहरात गेलेत नोकरीला. शेजारच्या घरांतही तेच. अगं, गावात सगळी म्हातारी माणसंच राहिलीत," काका म्हणाले. "छपरावर चढायला कोणीतरी तरुण नको का?"