कुंडीतली घायपात

आमच्या शाळेतल्या एका बाईंची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी मला एक रोप दिलं. राखट हिरवी पानं, कडेला पिवळी पट्टी, टोकाला काळा काटा. "अगेव्ह आहे. फार काही करावं लागत नाही," एवढंच म्हणाल्या. महाडात आमच्या आळीत पुराच्या भीतीनं खाली कुणी कुंड्या ठेवत नाही. मी ते गच्चीत तुळशीशेजारी ठेवलं आणि तुळशीला घालते तसं त्यालाही रोज पाणी घालू लागले. श्रावणात खालची दोन पानं मऊ पडली. बोट लावलं तर आत गेलं.

तेव्हा सासरे आमच्याकडे होते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी आहे, तिथे ते एकटे राहतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी खाली आले होते. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे काळा चष्मा लावून दिवसभर खुर्चीत बसून असायचे. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी आमचं बोलणं जेवणाखाण्यापुरतंच होतं.

एका दुपारी पाऊस थांबला म्हणून ते गच्चीत आले आणि कुंडीपाशी थबकले.

"ही घायपात हाय गो. कुंडीत कशाला लावलीस?"

"शोभेची आहे, बाबा."

"आमच्याकडं बांधावर लावतात. गुरं आत शिरू नयेत म्हणून." त्यांनी पान दाबून पाहिलं. "पाणी घालतेस?"

"रोज."

"म्हणून कुजली. उपट ती."

ते स्वतःच खाली वाकायला लागले. मी दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मग ते सांगत गेले आणि मी करत गेले. मुळं काळी पडली होती. पांढरा भाग दिसेपर्यंत कापायला सांगितलं. कापताना मनगटावर चीक उडाला आणि आग व्हायला लागली.

"साबणानं धू, मग खोबरेल लाव," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी आधी सांगायला पायजे होतं." त्यांच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मुळं उघडी ठेवून रोप आठ दिवस जिन्याखाली कोरडं ठेवलं. ते मरत कसं नाही, हे मला कळेना. "पानात पाणी साठवून ठेवते ती," बाबा म्हणाले. नंतर विटांचे तुकडे, जाड वाळू आणि मूठभर माती घालून कुंडी भरली आणि पत्र्याखाली ठेवली. पाणी घातलं नाही.

कुजलेली पानं मी टाकायला निघाले होते, तर त्यांनी अडवलं. "टाकू नको. कुजल्यावरच वाख सुटतो."

वाख म्हणजे पानातला धागा. पानं बादलीत भिजत घातली. चौथ्या दिवशी असा वास सुटला की नवरा म्हणाला, बादली तरी टाका नाहीतर मला बाहेर झोपवा. मग फळीवर ठेवून बोथट सुरीनं खरवडली, तर आतून लांब पांढरे धागे निघाले. बाबांनी ते मांडीवर वळून बघता बघता हातभर दोर केला. माझा मात्र सुटायचा. "दोन पदरांना एकीकडं पीळ दे, आणि दोन्ही एकमेकांवर उलटीकडं वळ," ते सांगायचे. मी चारदा करून पाहिलं, तेव्हा जमलं. मग मी विचारतच राहिले. एका पानाचा दोर किती निघतो? ओला असताना ताकद कमी होते का? ते प्रत्येक प्रश्नाला नीट विचार करून उत्तर द्यायचे. मी शाळेत शिकत असतानाही मला कुणी असं उत्तर दिल्याचं आठवत नाही.

डोळ्यात थेंब घालायचे दिवस संपले, तसे ते एसटीनं वाडीवर परत गेले. दसऱ्याच्या सुमारास कुंडीत मधोमध एक नवं पान वर आलं. मी फोन करून सांगितलं. "आता तरी पाणी घालू नको," एवढंच म्हणाले.

दिवाळीत आम्ही वाडीवर गेलो. बांधावरच्या एका घायपातीतून दोन माणसांच्या उंचीचा दांडा वर गेला होता आणि त्याच्या फांद्यांना इवली इवली रोपं लटकत होती.

"ही एकदाच फुलते, मग मरते," बाबा म्हणाले.

"किती वर्षांची आहे?"

"मोजली नाय. लावली तेव्हा तुझा नवरा अजून शाळेत जात नव्हता."

मी मान वर करून बघत राहिले. त्यांनी काठीनं एक फांदी खाली ओढून धरली आणि मी ओढणीत रोपं गोळा करू लागले.

"चारच ने," ते म्हणाले. "बाकीची इथं पडूदे, बांधाला लागतील."