आमच्या मारोतीची दोन मतं

पांढरकवड्यात फुटबॉल कळणारा माणूस एकच होता, आणि तो सामना चालू असताना बॉलकडे कधीच बघत नसे. हायवेवर ट्रकची पंक्चरं काढणारे आमचे चाचा मैदानाच्या कडेला जुना टायर टाकून बसत आणि बॉल एका टोकाला असला की दुसऱ्या टोकाला बघत. "बॉल तं सारी दुनियाच पाह्यते," ते म्हणत, "बॉल नाही तवा माणूस का करते, थे पाहा लागते." त्यांचा दुसरा नाद ट्रकवाल्यांच्या मुळावर येई. हैदराबादकडे निघालेला ड्रायव्हर कितीही घाईत असो, चाक चढवण्याआधी चाचा त्याला विचारत, तुमच्या गावचा सगळ्यात चांगला खेळाडू कोण. फुटबॉल कधी न पाहिलेला ड्रायव्हरही न अडखळता आपल्या गावच्या कुणाचं तरी नाव सांगे. एकाने तर आपल्या मेहुण्याचं सांगितलं. चाचा खूश होऊन नट आवळत. मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, बी.ए.ची पुस्तकं मी त्यांच्याच बाकड्यावर वाचली. ते मला प्रोफेसर म्हणत आणि मी वाचत असलो की गिऱ्हाइकांना हळू बोलायला लावत. कॉम्प्रेसर मात्र धडधडत असे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. जिनिंगचा कारखाना महिनोन्‌महिने बंद असे, आणि तिथे गाठी उचलणारा, केळापूरकडच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीतला मारोती रिकामा बसला होता. चाचांच्या मते असा स्टॉपर, म्हणजे गोलापुढची शेवटची भिंत, अख्ख्या विदर्भात दुसरा नव्हता. त्याच वर्षी नागपूरच्या एका पेपरने विदर्भाचे सर्वोत्तम अकरा निवडायला वाचकांकडून कुपनं मागवली. ते अकरा नागपुरात खेळणार आणि नोकऱ्या देणाऱ्या संघांची माणसं बघायला येणार. मारोतीला दुसरी वाट नव्हती.

मला मात्र तो पेपर पाहताच संताप आला. कुपनाशेजारचे सगळे फोटो नागपूरचे. आमच्याकडचा एकही सामना पाहायला त्यांचा बातमीदार कधी आला नव्हता. नागपूरचा नावाजलेला स्टॉपर गुडघा दुखावून वर्षभर मैदानात उतरला नव्हता, तरी त्याचा फोटो होताच. जो दिसलाच नाही तो कमी, आणि ज्याचं नाव चारदा छापून आलं तो थोर, हा कुठला न्याय?

चाचांनी गावभर फिरून पेपरांतली कुपनं कापून आणली आणि मैदानावर येणाऱ्यांकडून ज्याच्या त्याच्या हाताने भरून घेतली. कुणाला नाव सुचवलं नाही. ट्रकवाल्यांवरून त्यांची खात्रीच झाली होती की माणूस आपल्या गावचंच नाव लिहितो.

पाकिटात भरताना पाहिलं, तर स्टॉपरच्या जागी जवळजवळ सगळ्यांनी नागपूरवाल्याचं नाव लिहिलेलं. दर रविवारी मारोतीचा खेळ पाहणाऱ्या समोरच्या चहावाल्याला चाचांनी विचारलं. तो म्हणाला, "मारोती चांगलाच हाय चाचा, पण थो पेपरातला हाय ना. आपल्यातला कोणी इतका मोठा राह्यते काय?"

मी भडकलो. फाडून टाका, नवी भरू, असं म्हणालो. चाचा एकेक कुपन हाताने सरळ करत राहिले. "सारी दुनिया आपल्या गावचा माणूस सांगते, प्रोफेसर. आपलंच गाव नागपूरचा सांगते. पण फाडाचं नाही. मत हाय थे."

त्याच गठ्ठ्यात माझं कुपन होतं. स्टॉपरपाशी माझा पेन थांबला होता, आणि मत वाया जाऊ नये म्हणून मीही ते मोठं नाव लिहिलं होतं. चाचांना माझं अक्षर ओळखू येई. त्यांनी ते वाचलं, घडी केली आणि पाकिटात घातलं.

निकाल छापून आला तेव्हा यादीत आमच्या जिल्ह्याचा एकही नव्हता. मारोती दुकानात आला, यादी पुन्हा पुन्हा वाचून घेतली आणि हसून मला म्हणाला, "चाचाचं अन् तुमचं, दोन मतं तं मले पडलीच असतीन ना, भाऊ?"

मी पेपरची घडी घालू लागलो. चाचा खाली वाकून ट्यूब पाण्यात बुडवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "पडली ना बे. दोन पडली."

चाचांना खोटं बोलताना मी ऐकलं ते तेवढंच.